सॉफ्टवेअरचं टेंडर रस्त्यासारखं काढू नका

१ एप्रिल २०१३ला ठाण्यातली जकात बंद झाली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलेला एलबीटी, आला. नाक्यावर ट्रक अडवून वसुली करायची पद्धत गेली. आता दुकानदाराने नोंदणी करायची, खरेदीचा हिशोब ठेवायचा, विवरणपत्र भरायचं. १ ऑगस्ट २०१५ला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी रद्द झाला, म्हणजे जवळपास सगळ्याच दुकानदारांचा. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि उरलासुरला एलबीटीही गेला. सव्वाचार वर्षांत वसुलीची रीत तीनदा बदलली. आता समजा, २०१३ साली एखाद्या महापालिकेने पाच वर्षांसाठी करवसुलीच्या सॉफ्टवेअरचं टेंडर काढलं आणि त्यात प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक अहवाल, प्रत्येक पावतीचा नमुना आधीच लिहून ठेवला. दोन वर्षांत ते बाड रद्दीच्या भावाने गेलं असतं, आणि करार मात्र आणखी तीन वर्षं जिवंत राहिला असता.

सॉफ्टवेअर घेण्याची आपली सरकारी पद्धत रस्त्याच्या टेंडरवरून उचललेली आहे. आधी सल्लागार नेमायचा. त्याने सगळ्या विभागांना भेटून गरजांचं शे-दोनशे पानी बाड तयार करायचं, त्यावर सह्या घ्यायच्या. मग अंदाजपत्रक, निविदा, प्री-बिड बैठक, सगळ्यात कमी दराचा एल-वन, कार्यादेश. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष कंत्राटदार आपल्या ऑफिसात बसून काय करतोय ते कुणाला दिसत नाही. शेवटी दोन आठवड्यांचं यूएटी, म्हणजे ज्यांनी रोज वापरायचं त्यांनी घाईघाईत तपासायचं, आणि मान्यवरांच्या हस्ते बटण दाबून लोकार्पण. रस्त्याला हे चालतं. रस्ता किती लांब, किती रुंद, डांबराचा की काँक्रीटचा हे खोदण्याआधी ठरवता येतं, ठरवावंच लागतं. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला आपल्याला नेमकं काय हवं होतं हे ते हाताखाली आल्यावर कळतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ठाणे आणि नवी मुंबईसारख्या महापालिकांनी सॉफ्टवेअर एकगठ्ठा घेणं थांबवावं. लहान तुकड्यांत घ्यावं, आणि एक तुकडा चालताना बघितल्याशिवाय पुढच्याचे पैसे मंजूर करू नयेत.

यात नवीन काही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने, ऐरोली, घणसोली, महापे, आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये, हजारो माणसं रोज याच पद्धतीने परदेशी बँकांची आणि विमा कंपन्यांची कामं करतात. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये 'स्प्रिंट कधी संपतोय', 'बॅकलॉग वाढलाय' ही वाक्यं आता 'पुढचं स्टेशन कुठलं' इतकी सवयीची झाली आहेत. पद्धतीचं नाव अजाईल. तिथल्या बँकेचं सॉफ्टवेअर इथे दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत तयार होतं, आणि ते करणारा घरी येऊन घरपट्टी भरायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर दीड वर्ष बंद खोलीत शिजलेला फॉर्म असतो.

या पद्धतीमागचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यात सरकारी खरेदीचाही हात आहे. विन्स्टन रॉयस या अमेरिकी अभियंत्याने १९७० साली मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर एक शोधनिबंध लिहिला. आधी गरजा, मग आराखडा, मग प्रोग्रॅमिंग, मग चाचणी, अशा उतरत्या पायऱ्यांचं एक चित्र त्यात होतं. पुढे त्याला वॉटरफॉल म्हणू लागले. चित्र सगळ्यांनी उचललं. असं सरळ उतरत जाणं धोक्याचं आहे, चाचणीत मोठा दोष सापडला तर पार आराखड्यापर्यंत, गरजांपर्यंत मागे जावं लागतं, हेही रॉयसने त्याच निबंधात लिहिलं होतं. ते मात्र सोयीस्करपणे वाचायचं राहिलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ साली २१६७ क्रमांकाचं मानक काढलं, आणि कंत्राटदारांनी त्याचा अर्थ पायरीपायरीने कागदांचा ढीग रचणं असाच लावला. सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने वाढवायला मोकळीक देणारं नवं मानक यायला १९९४ उजाडलं. खरेदीचे नियम आणि काम करण्याची पद्धत यांचं असं घट्ट लग्न लागलेलं असतं. एक बदलायचं तर दुसरं बदलावं लागतं.

फेब्रुवारी २००१मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं, भाराभर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाला सोबत घेणं, आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला जागा देणं, ही त्याची चार सूत्रं. मागे ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, हेही त्यांनी तिथेच नमूद केलं आहे. अजाईल म्हणजे कागद नकोत, असं छातीठोकपणे सांगणारे मॅनेजर ही ओळ वाचत नाहीत.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे स्क्रम. केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी तो १९९५ साली जाहीरपणे मांडला. त्याचं यंत्र साधं आहे. करायच्या कामांची एक यादी असते, तिला बॅकलॉग म्हणतात, आणि तिच्यातलं वर काय, खाली काय हे ठरवणारा एकच माणूस असतो, प्रॉडक्ट ओनर. दहाच्या आतबाहेर माणसांचा गट वरची काही कामं उचलतो आणि ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त एक महिना, बहुतेक ठिकाणी दोन आठवडे, ती पूर्ण करतो. हाच स्प्रिंट. रोज पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बोलणं, शेवटी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना ते चालवून दाखवणं, आणि मग आपलं कुठे अडलं याचा हिशोब. सगळी मेख त्या चालवून दाखवण्यात आहे. चालवून दाखवायचं म्हणजे अर्ज भरून दाखवायचा, पावती छापून दाखवायची. स्लाइडवर 'सत्तर टक्के काम पूर्ण' लिहून भागत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या एका कार्यालयात, कोणत्या ते राहू द्या, मालमत्ता हस्तांतरणाच्या टेबलावर मी एक वही पाहिली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे मऊ झालेली. शेजारी संगणक चालू, त्यात सॉफ्टवेअर चालू, मग वही कशाला? तर अर्जात वारसाचं एकच नाव टाकायची सोय आहे. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी, तर पहिलं नाव संगणकात जातं आणि उरलेली तीन वहीत. संगणकातल्या 'शेरा' रकान्यात वहीचा पान क्रमांक. लिपिक बाईंनी पट्टीने रकाने आखले होते: अर्ज क्रमांक, तारीख, बाकीचे वारस, हरकत आली का. शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईत त्यांची छोटी सही. एक अख्खं सॉफ्टवेअर त्या वहीत होतं आणि ते संगणकातल्यापेक्षा बरं होतं.

'सांगितलं नाहीत का कुणाला?' मी विचारलं.

'पहिल्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले सीआर टाका. सीआरची फाईल वर गेलीय.'

'गेलीय म्हणजे?'

'गेलीय म्हणजे गेलीय.'

सीआर म्हणजे चेंज रिक्वेस्ट. करारात नव्हतं ते हवं असेल तर कंत्राटदार वेगळा दर सांगणार, त्याला वेगळी मंजुरी लागणार. या प्रकरणात कुणी लबाडी केली असेलच असं नाही. सल्लागाराने उपायुक्तांना विचारलं असेल, त्यांनी अधीक्षकांना, आणि त्या बाईंपर्यंत प्रश्न पोचलाच नसेल. किंवा पोचला असेल आणि कोऱ्या कागदासमोर त्यांना चार वारसांचं सुचलं नसेल, कारण रोज करतो ते काम माणसाला सांगता येत नाही, करून दाखवता येतं. कामाच्या तिसऱ्या आठवड्यात जर कुणी अर्धामुर्धा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवून म्हणालं असतं, 'बाई, कालचा एक खरा अर्ज यात भरून बघा,' तर पाचव्या मिनिटाला त्या थांबल्या असत्या. त्या वेळी ही दुरुस्ती एका प्रोग्रॅमरची दिवसभराची. पुढे त्या एका नावावर बिलाचा नमुना बसतो, नोटीस बसते, अहवाल बसतात, जुन्या नोंदी ओतल्या जातात, आणि मग त्याच दुरुस्तीची फाईल होते.

नवी मुंबईत याचा वेगळा नमुना सहज घडू शकतो. सिडकोने आखलेल्या शहराचा पत्ता सेक्टर आणि प्लॉटमध्ये सांगितला जातो. फॉर्म करणारा पुण्यात किंवा हैदराबादेत बसलेला असेल तर तो हे दोन्ही रकाने सक्तीचे करून मोकळा होईल. मग घणसोली नाहीतर दिवाळे गावठाणातल्या माणसाने काय लिहायचं? त्याचं घर सेक्टरच्याही आधीचं आहे. ऐरोलीच्या विभाग कार्यालयात एक सकाळ तो फॉर्म उघडून बसलं तर हे कळतं. टेंडरच्या कागदात ते कळायला शहर माहीत असलेला लेखक लागतो, आणि तो एल-वनमध्ये मिळत नाही.

आता विरोधी बाजू, आणि ती हलकी नाही. महापालिकेतला कुणीही अनुभवी लेखाधिकारी म्हणेल, की काय घेणार हे न लिहिता पैसे द्यायचे म्हणजे कंत्राटदाराला मोकळं रान. उद्या लेखापरीक्षकाने विचारलं, काय मागवलं होतं आणि काय मिळालं, तर दाखवायचं काय? बदलाला जागा देणं वगैरे उदात्त भाषा आपल्याकडे बिलं फुगवायला वापरली जाईल ही भीती मला अजिबात फालतू वाटत नाही. घट्ट टेंडर ही आपली संस्कृती उगाच झालेली नाही. मोकळ्या टेंडरांनी काय केलं ते पाहूनच ती आली.

पण घट्ट टेंडर सॉफ्टवेअरमध्ये खरंच घट्ट राहतं का, ते बघा. हुशार कंत्राटदार कमी दर भरून काम घेतो, कारण बाडात काय सुटलंय हे त्याला खरेदीदारापेक्षा चांगलं माहीत असतं. सुटलेल्या प्रत्येक गोष्टीचा सीआर होणार आणि सीआरला स्पर्धा नसते. तोवर सगळा डेटा त्याच्याकडे, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, त्याच्याकडे, त्याला काढणार कसं? म्हणजे पैसे वाहतातच, फक्त मागच्या दाराने. लेखापरीक्षकाला शेवटी मिळतो तो कार्यपूर्तीचा दाखला, आणि त्या दाखल्यावर लाल वहीचा उल्लेख नसतो. तुकड्यांच्या पद्धतीत त्याला दर महिन्याला विचारता येईल: या महिन्यात काय चालू झालं, कुठल्या कार्यालयात, किती अर्ज त्यातून निघाले? नाही निघाले तर पुढचा महिना थांबवा. पैसे अडकण्याची जास्तीत जास्त मर्यादा एका तुकड्याएवढी राहते. घट्टपणाच हवा असेल तर याहून घट्ट काय?

अमेरिकेच्या एफबीआयचं उदाहरण यासाठी मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथेही टेंडरच होतं. तपासाच्या फाइली संगणकावर आणायचा त्यांचा पहिला प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली मोडीत निघाला. दुसरा, सेंटिनेल, २००६ साली एका बड्या कंपनीला दिला. चार वर्षांत तोही रखडला आणि महागला. २०१०मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हाताखाली घेतलं, माणसं कमी केली, अजाईल पद्धतीने तुकडे पाडले आणि जुलै २०१२मध्ये प्रणाली चालू केली. आपल्याकडचं कोविड लसीकरणाच्या नोंदणीचं कोविनही आठवा. १६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचारी, १ मार्चला ज्येष्ठ, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या वरचे, १ मेला अठराच्या वरचे सगळे. मे महिन्यातल्या झुंबडीची स्लॉटव्यवस्था जानेवारीत कोण लिहून देणार होतं? नियमच पुढे सरकत होते, सॉफ्टवेअरला मागून धावणं भाग होतं.

दर ठरवण्याबाबत केंद्राच्या अर्थखात्यानेही ऑक्टोबर २०२१मध्ये थोडी खिडकी उघडली. एल-वनच्या पलीकडे जाऊन, ठरावीक खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली. ते नियम केंद्राच्या खरेदीचे आहेत, पण वाट कुठून जाते हे दिसतं.

खरा अडथळा मला पैशांत दिसत नाही, तो प्रॉडक्ट ओनरमध्ये दिसतो. स्क्रममध्ये तो एक माणूस असतो, समिती नव्हे, आणि 'हे आधी, ते नंतर, हे नकोच' असं त्याने दर दोन आठवड्यांनी सांगायचं असतं. महापालिकेत हे कोण सांगणार? नवी मुंबईत मे २०२०नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२नंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. आयुक्त बदलतात, उपायुक्त त्याहून लवकर बदलतात, आणि नवे आले की मागच्यांचा ड्रीम प्रोजेक्ट कपाटात जातो. बाकी राहतो तो अधीक्षक. त्याला सगळं माहीत असतं आणि ठरवायचा अधिकार कशाचाच नसतो. माझ्या मते हा मान त्यालाच द्यावा. कर विभागातला एक जाणता अधीक्षक निवडावा, त्याचं रोजचं टेबल दुसऱ्याकडे द्यावं, दोन वर्षं बदली करू नये, आणि ठरलेल्या रकमेच्या आत कामांचा क्रम बदलायला फाईल वर पाठवायची गरज नाही, असा लेखी आदेश काढावा. हा आदेश निघणार नसेल तर बाकी सगळं सोडून द्या, जुनंच टेंडर काढा. निदान त्याचे तोटे ओळखीचे आहेत.

आयटीवाल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. अजाईल घ्या म्हणताना आपल्या ऑफिसात तिचं काय झालंय ते लपवू नका. पंधरा मिनिटांचं स्टँड-अप कित्येक ठिकाणी हजेरी झाली आहे, आणि तीही अमेरिकेची सकाळ गाठायला आपल्या संध्याकाळी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून २०२० साली गेले. ऐरोलीत ते अजून रोज विचारले जातात. कामाचा अदमास घ्यायला काढलेले स्टोरी पॉइंट माणसाची उत्पादकता मोजायला वापरतात, मग तीनचं काम पाच होतं आणि आलेख छान चढतो. स्नोबर्डला सही करणाऱ्यांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली 'अजाईल' हा शब्दच टाकून द्यावा असं जाहीरपणे लिहिलं. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट या भत्ता योजनेचं सॉफ्टवेअर अजाईलच्या नावाने सुरू झालं, पण कंत्राटं मोठ्या कंपन्यांना, मोठ्या गठ्ठ्यांत. २०१३ साली ते थांबवून नव्याने मांडणी करावी लागली. महापालिकेच्या टेंडरमध्ये उद्या 'निविदाधारकाकडे किमान पाच प्रमाणित स्क्रम मास्टर', म्हणजे गट स्क्रम नीट पाळतोय का ते बघणारे, 'असावेत' अशी अट आली, तर समजा गाडी तिकडेच चालली आहे.

आणि सगळ्यालाच ही पद्धत लावू नये. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका जेमतेम अकरा किलोमीटरची, काम २०११ला सुरू झालं आणि पहिला प्रवासी बसला नोव्हेंबर २०२३मध्ये. उशीर भयंकर, पण म्हणून अर्धा खांब उभारून लोकांची मतं घेता आली नसती. सॉफ्टवेअरमध्येही पैशांचा हिशोब पहिल्या दिवसापासून पैशापर्यंत जुळला पाहिजे, तिथे 'पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू' चालणार नाही. जन्म-मृत्यूची नोंद, पाणीबिल, यांत अर्धवट तुकडा लोकांवर सोडायचा असेल तर जुनी खिडकी शेजारी चालू हवी. सत्तरीच्या आजोबांना आपल्या प्रयोगाचे टेस्टर करायचा अधिकार कुणालाही नाही.

सुरुवात लहान करता येईल. एकच प्रक्रिया घ्यावी, वारसाने होणारं मालमत्ता हस्तांतरण, आणि एकच कार्यालय, नौपाडा किंवा वागळे. चार महिन्यांची मुदत, दरमहा ठरावीक रक्कम, वर एक छटाक नाही. दर दुसऱ्या शुक्रवारी डेमो, तोही मुख्यालयाच्या सभागृहात न करता त्या टेबलावर, लिपिकाच्या हाताने, खऱ्या अर्जांवर. बघायला ज्या नागरिकांना यायचं त्यांनी यावं. कोणत्याही महिन्याअखेर थांबवायचा हक्क महापालिकेला. आणि सोर्स कोड पहिल्या दिवसापासून महापालिकेच्या खात्यात, रोजच्या रोज. कंत्राटदार बदलला तर जुन्याचं लॉगिन बंद करायचं आणि नव्याला उघडून द्यायचं, एवढंच काम उरेल.